ढगातले फोटो आणि आत्याचा अल्बम

मंडळी, आज लेखाची सुरुवात एका प्रश्नानं करते. तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नाचे फोटो आत्ता नेमके कुठे आहेत? "फोनमध्ये आहेत की" किंवा "क्लाउडवर असतील" असं उत्तर पटकन तोंडी आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. जानेवारी २०२४ पर्यंत माझंही उत्तर तेच होतं.

त्या महिन्यात आमच्या आप्पांचं दुसरं पुण्यस्मरण होतं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पेपरात चौकटीत फोटो द्यायचा, खाली "द्वितीय पुण्यस्मरण" आणि घरच्यांची नावं. पहिल्या वर्षी घाईत पेन्शनच्या कागदावरचा पासपोर्ट फोटो दिला होता. आईला तो अजिबात आवडला नव्हता. "हे कुठले तुझे आप्पा? हा तर कोण पोलिसात उभा केलेला माणूस वाटतोय," असं ती वर्षभर म्हणत होती. म्हणून यंदा सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो द्यायचं ठरलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावच्या घरी तो सोहळा झाला होता. ८१ दिव्यांनी औक्षण चाललेलं, आप्पा फेट्यात, आणि आई त्यांच्याकडे बघून हसतेय असा तो फोटो.

मी पुण्याला दादाला फोन केला. "तुझ्याकडेच आहेत ते सगळे, तेवढा एक पाठव की." सोहळ्याला फोटोग्राफर बोलवायचा नाही, असं आप्पांनीच बजावलं होतं. "पैसे जास्त झालेत व्हय?" म्हणाले होते. त्यामुळे सगळे फोटो दादाच्या फोनवर काढलेले, आणि त्याच्या फोनमधलं सगळं आपोआप ऑनलाइन जात होतं.

अर्ध्या तासानं दादाचा फोन आला. त्याचा आवाज उतरला होता. "अगं, २०१७ ची दिवाळी आहे, मग एकदम २०१९ ची संक्रांत. मधलं वर्षच नाही."

मधलं वर्ष कुठे गेलं?

उलगडा संध्याकाळी झाला. आदल्या उन्हाळ्यात दादाचा फोन भरला होता. भाच्यानं, म्हणजे दादाच्या धाकट्यानं, मदत म्हणून फोटोंच्या अ‍ॅपमध्ये जाऊन जुनं एक वर्ष निवडलं आणि पुसलं. फोनमधनं काढलं तरी ऑनलाइन राहतंय, अशी त्याची समजूत. जागा लगेच मोकळी दिसेना, म्हणून त्यानं अ‍ॅपमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. अ‍ॅपनं विचारलं असणार, "सगळीकडून जाईल, चालेल ना?" आपण असले प्रश्न वाचत नाही. त्यानंही वाचला नाही.

पोरगं रडवेलं झालं होतं. त्याला रागवायला कुणाचं तोंड नव्हतं, कारण त्याची ती समजूत आमच्या सगळ्यांचीच होती. आणि ती का झाली होती, हे सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्यापैकी कुणी विसरलेला नाही. कोल्हापूर-सांगलीच्या बातम्या देशभर गेल्या, पण वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या आपल्या गावांचेही तेच हाल होते. निपाणीजवळ यमगर्णीला पाणी महामार्गावर आलं होतं. आमचं गाव वेदगंगेकाठचं. आई-आप्पांना आदल्या दिवशी निपाणीत पाहुण्यांकडे हलवलं. हलवताना औषधं घेतली, कागदपत्रं घेतली, देव घेतले. खाटेखालची ट्रंक कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या ट्रंकेत आमचे सगळे अल्बम होते.

आठवड्यानं घरी आलो तेव्हा ट्रंकेतून गढूळ पाणी निघालं. चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले नव्वदीतले अल्बम आठवतात ना? ते सगळे एकजीव होऊन विटेसारखे झाले होते. आईनं एक पान ओढलं, तर प्लास्टिकबरोबर माझ्या मुंजीएवढ्या भावाचा चेहराच निघून आला. (जाता जाता सांगते, असं कधी ओढू नका. भिजून चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्यायचे, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे. हे सगळं दोन दिवसांच्या आत करायचं. आम्हाला हे नंतर कळलं.) निम्म्याहून जास्त फोटो गेले.

पण आई-आप्पांच्या १९६२ च्या लग्नाचे सहा फोटो वाचले. पुराच्या दोन वर्षं आधी गणपतीला आलेल्या भाचीनं, दादाच्या थोरलीनं, गंमत म्हणून जुन्या अल्बमांचे फोनवर फोटो काढले होते. ते तिच्या ऑनलाइन खात्यात होते. ती बेंगळुरूत, आम्ही चिखलात, आणि तिनं तिथून ते सहा फोटो पाठवले. त्या दिवशी आईनं फोनला हात जोडले, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यानंतर दिवाळीत भाचीनं स्कॅनर आणला आणि वाचलेले सगळे फोटो आम्ही बसून स्कॅन केले. आणि तिथून आमची खात्रीच पटली की एकदा ऑनलाइन चढवलं म्हणजे काळजी मिटली. कागदावर काय ठेवायचं? पूर येतो, वाळवी लागते. क्लाउडला काय होतंय? त्या दिवाळीनंतर आम्ही एकही फोटो छापला नाही.

आत्याचा अल्बम

तर आता सहस्रचंद्राचे फोटो शोधायचे होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये चार-पाच सापडले. फोनवर ठीक दिसत होते, पण मोठे केले की आप्पांच्या मिशीचे चौकोन व्हायचे. पेपरवाल्यानं सांगितलं, "ताई, हा छापला तर ओळखू येणार नाहीत."

शेवटी मी गडहिंग्लजला आत्याला फोन केला. आत्या आप्पांहून आठ वर्षांनी लहान, फोन फक्त घ्यायला आणि ठेवायला वापरते. ती म्हणाली, "माझ्याकडं हायत की. दादानं मला तेवा पेनड्राइव्ह दिला होता बग, त्यातले तीस मी स्टुडिओत देऊन छापून घेतले."

"आणि पेनड्राइव्ह?"

"त्याच्यावर आता अभंग हायत. तुमचं ते ढगातलं मला काय कळत न्हाई बाई. मी आपलं छापून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी मी गडहिंग्लजला गेले. कपाटात नऊवारी लुगड्यांच्या घडीखाली अल्बम होता. तीस फोटो, पोस्टकार्ड आकाराचे. तो औक्षणाचा फोटोही होता. आणि प्रत्येकामागं आत्याच्या वळणदार अक्षरात तारीख आणि माणसांची नावं, डावीकडून उजवीकडे.

सहाशेच्या आसपास फोटो काढले होते, त्यातले तीस उरले. पण बघा, कागद पाण्यात गेला तेव्हा ऑनलाइन फोटोंनी वाचवलं, आणि ऑनलाइन पुसलं गेलं तेव्हा कागदानं वाचवलं. दोन्ही वेळा आम्ही हुशार होतो म्हणून नव्हे, तर कुणीतरी आपल्या हौसेनं दुसऱ्या गावी, दुसऱ्या तऱ्हेनं एक प्रत ठेवली होती म्हणून वाचलो. मला या सगळ्यातून उमगलेली गोष्ट एवढीच: फोटो कुठं ठेवलाय याला फार महत्त्व नाही, तो किती ठिकाणी आणि किती निरनिराळ्या तऱ्हांनी ठेवलाय याला आहे.

आपल्या भागात याचं मोठं उदाहरण घडून गेलंय. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यात 'मीठभाकर' हा चित्रपटही गेला. भालजींनी जिद्दीनं तो पुन्हा चित्रित केला. पण ते भालजी होते आणि तो चित्रपट होता. आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन आम्ही पुन्हा कसं करणार?

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

भाच्याची चूक नेमकी काय होती, ते तरुण मंडळींनी नीट समजून घ्यावं. फोन आणि ऑनलाइन खातं जोडलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा तो आरसा असतो. इकडे केलं ते तिकडे दिसतं. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. याला सिंक म्हणतात. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी तुमच्या हातून चूक झाली तरी जागची हलत नाही.

गूगल फोटोजमध्ये फोनवरची जागा मोकळी करायची असेल तर "फ्री अप स्पेस" असा वेगळा पर्याय आहे. तो ऑनलाइन पोचलेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत काढतो, ऑनलाइन प्रत तशीच राहते. अ‍ॅपमध्ये फोटो निवडून "डिलीट" केलं तर मात्र दोन्हीकडून जातं. तिथे बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो. अ‍ॅपलच्या आयक्लाउड फोटोजमध्ये साधारण ३० दिवस. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. पण गेल्या वर्षीचे फोटो आपण ६० दिवसांत कधी उघडून बघतो का?

दुसरी गोष्ट फुकटपणाची. मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तेवढे फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, पुढं पैसे. फ्लिकरनं २०१३ मध्ये एक टीबी फुकट दिलं, आणि मालकी बदलल्यावर २०१९ मध्ये फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा घातली. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. माझ्या पिढीनं कॉलेजचे फोटो ऑर्कुटवर ठेवले होते, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. दुकान त्यांचं आहे, ते कधी काय विकायचं ते तेच ठरवणार. आपण आपला माल एकाच दुकानात ठेवू नये, एवढंच.

तिसरी गोष्ट न वापरलेल्या खात्यांची. डिसेंबर २०२३ पासून गूगलनं दोन वर्षं अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या सगळ्या मालासकट काढून टाकायला सुरुवात केली आहे. आई-वडिलांच्या नावानं कुणीतरी कधीतरी उघडून दिलेलं खातं असेल, आणि त्यात फोटो असतील, तर आजच एकदा उघडा.

आम्ही आता काय करतो

पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला एक सोपा हिशेब आहे, ३-२-१. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्या घरात तो असा बसवलाय.

पहिली प्रत बेळगावात माझ्या लॅपटॉपवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. अशा दोन डिस्क आहेत, एक माझ्याकडे, एक दादाकडे पुण्यात. गणपतीला आणि दिवाळीला भेट होते तेव्हा अदलाबदल करायची, आणि फराळाच्या डब्यांबरोबर डिस्कही जाते. डिस्क काम झालं की काढून ठेवायची, कायम जोडून ठेवायची नाही. जोडलेल्या डिस्कवर व्हायरस आला किंवा विजेचा झटका बसला तर दोन्ही जातात. तिसरी प्रत ऑनलाइन, पैसे भरून घेतलेल्या एकाच खात्यात. पुसण्याचा अधिकार माझा आणि भाचीचा. बाकीचे बघतात, भर घालतात.

चौथी प्रत आत्याच्या मानाची. दरवर्षी मार्चअखेर त्या वर्षातले निवडक शंभर फोटो छापायचे आणि मागे नावं लिहायची. त्याचे दोन अल्बम होतात, एक आईला, एक आत्याला.

जागेचा अंदाज सांगते. फोनवरचा एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला तर २०,००० फोटोंना ६० जीबी लागतात. खरी जागा व्हिडिओ खातात. एक मिनिटाचा फोर-के व्हिडिओ शे-दोनशे एमबी किंवा त्याहूनही जास्त होतो. तेव्हा आधी छाटणी करा. "गुड मॉर्निंग", लाइट बिलाचे फोटो, एकाच केकचे चौदा फोटो, हे सगळं काढलं की ढीग बराच कमी होतो. छाटणी मात्र दोघांनी मिळून करा, आणि पूर्ण प्रत बाजूला ठेवल्यावरच करा.

चढवायला लागणारा वेळही आधी काढून ठेवा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस मिळाला तर ६० जीबी चढायला जवळजवळ सात तास लागतात. गावाकडे मोबाइलवर चार एमबीपीएसच मिळत असेल तर तेहेतीस तास. म्हणून पहिला मोठा ढीग शहरातल्या वायफायवरून, रात्री, थोडाथोडा चढवावा. नंतर दर महिन्याची भर पटकन होते. चढवताना "ओरिजिनल क्वालिटी" निवडलीय ना, ते बघा. "स्टोरेज सेव्हर"मध्ये जागा वाचते, पण फोटो आवळला जातो.

व्हॉट्सअ‍ॅप हा बॅकअप नव्हे. तिथे साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो, आणि कधी, कुठे काढला ही आतली माहितीही निघून जाते. पाहुण्यांकडून मूळ फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. आप्पांच्या मिशीचे चौकोन झाले ते यामुळेच.

जुने कागदी फोटो स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय पुरे. त्याचा साधारण साडेआठ मेगापिक्सेलचा फोटो होतो, मोठा छापता येतो. पण एक मेख आहे. स्कॅन केलेल्या फोटोला संगणक आजचीच तारीख देतो. त्यामुळे १९६२ चं लग्न तुमच्या अ‍ॅपमध्ये २०१९ च्या दिवाळीत दिसतं. तारीख हातानं दुरुस्त करा.

आणि वर्षातून एकदा परीक्षा घ्या. दिवाळीला डिस्क बदलताना आम्ही कुठलेही दहा फोटो उघडून बघतो. ऑनलाइन खात्यातूनही सगळं एकदा उतरवून घेतो. गूगलला त्यासाठी "टेकआउट" आहे. त्यातून उतरवताना तारखेची माहिती कधीकधी वेगळ्या लहान फाइलमध्ये येते, ती कचरा समजून पुसू नका. आपण ठेवलेलं परत काढता येतंय, हे एकदा बघितल्याशिवाय तो बॅकअप खरा मानू नका.

नाव आणि किल्ली

फोटो टिकला तरी दोन गोष्टी हरवू शकतात. एक म्हणजे नाव.

आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. पुरातून वाचलेल्यांत वखारीच्या दारातला एक फोटो आहे. नऊ बायका, दोन पोरं, मागे पोत्यांची थप्पी. स्कॅन उत्तम झालाय, पोत्याचा धागा दिसतो. पण त्या बायका कोण, हे आम्हा भावंडांपैकी एकालाही सांगता येईना. आप्पा होते तेव्हा विचारलं नाही. शेवटी आईला मोठ्या पडद्यावर दाखवला. चष्मा पुसून तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ही गिरणीवाल्यांची थोरली सून की गं. आणि ही माझ्या डोहाळजेवणाला ओटी भरायला आलेली." नवांपैकी सात नावं तिनं सांगितली. दोन राहिली.

नाव फाइलमध्येच घाला, म्हणजे अ‍ॅप बदललं तरी ते फोटोबरोबर जातं. आमची पद्धत अशी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग, मग गाव. २०१८-०२ सहस्रचंद्रदर्शन, असं. या क्रमानं लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या ओळीत लागतात. देवनागरीत नावं द्यायला आता काही अडचण नाही, फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की अगम्य खुणा दिसतात. आमच्या एका अल्बमच्या यादीचं तसंच झालंय. आणि गावाचं नाव एकच ठरवा. आमच्याकडे बेळगाव, बेळगावी, बेलगाम, निपाणी, निप्पाणी अशा पाच फोल्डरांत एकाच घरचे फोटो विखुरले होते. गावाच्या नावावरून आपल्याकडे काय काय झालंय ते तुम्ही जाणताच. निदान फोल्डरापुरतं तरी एकमत करा.

दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे किल्ली. आप्पांच्या स्वतःच्या फोनमध्ये शेतातले, बैलांचे, पावसाचे फोटो होते. त्यांनी ते कुणाला दाखवले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. ते गेल्यावर त्यांचा प्रीपेड नंबर रिचार्ज करायचं राहिलं आणि काही महिन्यांत तो बंद झाला. आता त्यांच्या खात्यात शिरायला ओटीपी त्याच नंबरवर जातो. ते फोटो कदाचित अजून कुठेतरी असतील. आम्हाला ते दिसणार नाहीत.

म्हणून सांगते, बँकेत वारस नेमतो तसा इथेही नेमा. गूगलमध्ये "इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे. तुमचं खातं तुम्ही ठरवाल तितके महिने बंद राहिलं, तर तुम्ही निवडलेल्या माणसाला निवडलेला माल मिळतो. आयफोनवाल्यांसाठी "लेगसी कॉन्टॅक्ट" आहे. दोन्ही नेमायला दहा मिनिटं लागतात. घरातलं माणूस गेलं तर त्याचा नंबर निदान वर्षभर चालू ठेवा. आणि कुठल्या खात्यात काय आहे, हार्ड डिस्क कोणत्या कपाटात आहे, हे एका वहीत लिहून वही घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

पुण्यस्मरणाचा फोटो शेवटी छापून आला, आत्याच्या अल्बममधून स्कॅन केलेला. पेपर आला तेव्हा आई तो हातात धरून ओसरीवर बसली होती. "हां, हे खरं," म्हणाली. भाचा त्या दिवशी पुण्याहून आला होता. आता दर महिन्याला फोटो चढवायचं आणि डिस्कवर उतरवायचं काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलंय, आणि आमच्यापैकी सगळ्यांत चोख तोच करतो. रविवारी तो आईला व्हिडिओ कॉल लावतो, एकेक जुना फोटो दाखवतो, आणि ती सांगते ते आवाजासकट रेकॉर्ड करतो. वखारीतल्या त्या दोन बायकांपैकी एकीचं नाव मागच्या रविवारी आईला आठवलं. एक अजून राहिलीय.

तेव्हा या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम करा. घरातल्या सगळ्यांत जुन्या अल्बमजवळ सगळ्यांत म्हातारं माणूस बसवा, आणि फोन पुढे करून विचारा, "हे कोण?" चढवणं, उतरवणं, डिस्क, पासवर्ड हे सगळं त्यानंतर आलं तरी चालेल. आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतले जुने फोटो तुमच्या घरी असतील, तर मंडळाकडे जरूर कळवा. कुणी सांगावं, आमची ती नववी बाई तुमच्या घरचीच असेल.